शेवाळातला दाणा

अप्पा,

आज सकाळी शेजारच्या थळ गावचा वायरमन घरी आला होता. पंखा दुरुस्त करायला स्टुलावर चढला, तेव्हा तुमच्या तसबिरीशेजारी टांगलेला तो करडा फोटो अगदी त्याच्या नाकासमोर आला. म्हणाला, "बाई, ह्यो सागवानाचा फोटू कशाला लावलाय?" मी म्हटलं, लाकूड नाही बाबा, शेवाळ आहे. तो हसला. म्हातारी थट्टा करते असं वाटलं असणार त्याला. त्याची तरी काय चूक? या फोटोला आजवर लोकांनी चिरलेला कांदा म्हटलंय, एका शेजारणीने पैठणीच्या काठाची उलटी बाजू म्हटलंय, आणि एका डॉक्टरांनी तर चष्मा पुसत "गुडघा कोणाचा?" असं विचारलंय. मी दर वेळी खरं काय ते सांगते आणि दर वेळी समोरचा माणूस विषय बदलतो. वायरमन गेला, पंखा गरगरायला लागला, आणि मी खाली बसून त्या फोटोकडे बघत राहिले. हा फोटो ज्याला दाखवावा असा एकच माणूस होता. तो जाऊन इतकी वर्षं झाली की आता मी वयाने त्याच्याही पुढे गेलेय. म्हणून लिहायला बसले. तुम्हाला सांगायची एक गोष्ट राहिली आहे, आणि ती तुम्हाला आवडणार नाही.

तुम्हाला श्रीवर्धनात सगळे शेवाळमास्तर म्हणायचे, हे तुम्हाला ठाऊक होतं का? असणारच. शाळेतली पोरं फळ्यावर लिहून पळायची आणि तुम्ही ते न पुसता त्याखालीच धडा सुरू करायचात. आई गेली तेव्हा मी इतकी लहान होते की तिचा चेहरा मला आठवत नाही. त्यानंतर घरात आपण दोघंच आणि बादल्यांतलं शेवाळ. न्हाणीघरात शेवाळ, परसात काथ्याच्या दोरीवर शेवाळ, एकदा तर भाताच्या तपेलीत शेवाळ. तुम्ही मुळात वेळेचे कच्चे, त्यात अमावास्या-पौर्णिमेला समुद्र लांबवर ओसरायचा. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! सकाळची ओहोटी साधून तुम्ही खडकांवर जायचात, आणि शाळेत यायचात ते गुडघ्यापर्यंत ओले, धोतराला वाळू, खिशात बाटल्या. हेडमास्तरांचं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पंचांग घरात होतं ते एकादशीसाठी नव्हे, ओहोटी किती वाजता लागणार ते बघायला होतं.

शेजारची कोळीण मावशी तुमची सगळ्यात मोठी टीकाकार. होडीवरून आलेली मासळी वाळत घालता घालता ती तुम्हाला कुंपणावरून हाक मारायची. "मास्तर, सगली दुनिया दर्यातनं म्हावरा आनते, आनि तुमी शेवाल आनता! कंच्या सुनेला खायाला घालनार?" तुम्ही तिला म्हणायचात, "मावशी, ह्या शेवाळात दाणा आहे. तो शोधतोय." ती कमरेवर हात ठेवून हसायची. "शेवालात दाना? मंग पोचट भात झोडीत बसा जल्मभर." पोचट भात, म्हणजे वरून टरफल आणि आत काहीच नाही. तुम्हीही हसायचात. पण घरात येऊन बाटली उजेडात धरलीत की तुमचं हसू गेलेलं असायचं, हे मी बघितलंय.

हा दाणा आला कुठून ते तुम्हाला सांगायला नको, पण मला एकदा सगळं ओळीने मांडू द्या. स्वातंत्र्य आलं आणि वरच्या वर्गांचं शास्त्र मराठीतून नीट शिकवायचं असं तुम्ही मनावर घेतलंत. पुस्तक इंग्रजी, शब्द मराठीत नाहीत. मग संध्याकाळी ओटीवर बसून तुम्ही एकेक शब्द घडवायचात आणि मला म्हणून दाखवायचात. पानाला ज्याच्यामुळे हिरवा रंग येतो, जो ऊन खातो आणि अन्न तयार करतो, त्या पेशीतल्या इवल्या हिरव्या गोळ्याला तुम्ही 'हरितपिंड' म्हणालात. पुढे पुस्तकांत 'हरितलवक' आलं, पण माझ्या तोंडात तुमचाच शब्द बसलाय. या पिंडाच्या आत गडद ठिपके असतात असं पुस्तकात होतं, आणि त्यांना एक परकं नाव होतं. तुम्ही बराच वेळ पेन्सिल चावलीत. अंगणात भात वाळत घातलं होतं. तुम्ही तिकडे बघितलंत आणि म्हणालात, "दाणे. दाणेच म्हणू या." त्या परक्या शब्दाचा मूळ अर्थही तोच, हे मला फार पुढे कळलं. म्हणजे भाषांतर चोख होतं. चोख होतं तिथेच घात झाला, अप्पा.

कारण ठिपका म्हटलं असतंत तर एखाद्या पानात असता, एखाद्यात नसता. पण दाणा म्हटल्यावर भाताच्या गावातला माणूस तो नसला तर चालवून कसा घेईल? देवळामागच्या तळ्यातल्या एका पाणवनस्पतीचं पान तुम्ही शाळेच्या पितळी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलंत, आरशाचा आणि उन्हाचा कोन जुळला, आणि पिंडाच्या आत खरोखरच बारीक गडद कण दिसले. मलाही दाखवलेत. त्या दिवशी तुम्ही शिरा केलात, तोही जाळलात. आणि शिरा खाताखाता म्हणालात, "पोरी, पानांच्या हिरव्यात दाणा आहे. आणि हिरव्याचं मूळ तर समुद्रात. मग मुळात दाणा नसेल असं कसं होईल?" झालं. तिथून पुढे आपल्या घराला दुसरा उद्योग राहिला नाही.

खडकावर उगवणारं ते पोपटी, पातळ, पानासारखं शेवाळ तुमचं खास. आपण त्याला पोपटी कागद म्हणायचो. तो कागद दोनच पेशी जाड, म्हणून आरपार बघायला सोपा असं तुमचं गणित. सुट्टी लागली की बैलगाडीने हरिहरेश्वरला जायचं, कारण तिथल्या प्रदक्षिणेच्या वाटेवरच्या खडकांत पाणी साचून राहतं आणि कागद तिथे सगळ्यात स्वच्छ मिळतो. मी अजून बघतेय तुम्हाला. ओहोटी लागलेली आहे, प्रदक्षिणेला निघालेले घाटावरचे यात्रेकरू खडकांवरून जपून पावलं टाकताहेत, आणि मध्येच एका डबक्याकाठी तुम्ही गुडघे टेकून, कपाळ जवळजवळ पाण्याला लावून बसला आहात. एक म्हातारी थांबते, हात जोडते. तिच्यामागे आणखी दोघं हात जोडतात. कोणीतरी तुमच्या शेजारी नारळ ठेवतं. म्हातारी मला विचारते, "हे कंचं तीर्थ गं बाई?" मी लाजेने मरते. तुम्ही मान वर करता, आणि त्यांना हाकलून देण्याऐवजी त्या म्हातारीच्या तळहातावर पोपटी कागद पसरून ऊन कसं खाल्लं जातं ते समजावून सांगू लागता. ती भक्तिभावाने ऐकते, कागद कपाळाला लावते आणि पुढे जाते. नारळ आपण फोडून खाल्ला. तुम्ही म्हणालात, "बघ, शेवाळाला प्रसाद मिळाला." त्या दिवसाइतकी मी पुन्हा कधी हसले असेन असं वाटत नाही.

पण दाणा काही दिसला नाही. तुमच्या वस्तऱ्याला तुम्ही अशी धार लावायचात की गावचा न्हावी वाटेत अडवून म्हणायचा, मास्तर, आमच्या पोटावर पाय नका देऊ. त्या वस्तऱ्याने पोपटी कागदाचा उभा काप घ्यायचात, काचेवर थेंबात ठेवायचात, आणि खिडकीशी बसून तास न् तास. उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर तुम्ही चित्रं काढायचात. पेशीची भिंत, तिला चिकटलेला हिरवा पिंड, त्यात एक गोल गोळा. तो गोळा पिष्टाच्या साठ्याचा, "ती कोठी, दाणा नव्हे" असं म्हणून तुम्ही तो बाजूला ठेवायचात. बाकी पिंडाचं पोट प्रत्येक चित्रात कोरं. शेकडो चित्रं काढली असतील तुम्ही, अप्पा, आणि सगळ्यांचं पोट कोरं.

आणि मग तो रविवार. तुम्ही बाहेर गेला होतात, मी खिडकीशी बसले, बराच वेळ बघितलं, आणि तुम्हाला खूश करायचं म्हणून एक चित्र काढलं. सुरेख काढलं. पिंडाच्या पोटात बारीक बारीक ठिपके भरले. तुम्ही आलात, चित्र हातात घेतलंत. तुमचा चेहरा एकदम उजळला आणि मग हळूहळू उतरला. तो उतरताना मी बघितला आहे.

"हे काय?"

"दाणे."

"दिसले तुला?"

मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते माझं मलाच कळलं नाही.

"दिसले, की हवे होते?"

"तुम्हाला हवे होते."

तुम्ही चित्र माझ्यासमोर ठेवलंत. मग म्हणालात, "डोळे बारीक केले होतेस ना?" मी हो म्हटलं. "डोळे बारीक केले की हवं ते दिसतं. उघडे ठेव, म्हणजे असेल ते दिसेल. आणि काही दिसलंच नाही तर जागा कोरी ठेवायची. कोरी जागा म्हणजे खोटं नव्हे." एवढं बोलून तुम्ही आत गेलात आणि भांडी आपटत भाकरी करायला लागलात. मी रडले. तुम्ही रागावलात म्हणून नव्हे. तुम्हाला तो दाणा किती हवा होता ते मला त्या क्षणी कळलं, आणि तो मला तुम्हाला देता येत नव्हता, म्हणून.

त्या भाकरीचंही सांगून टाकते. तुमची तांदळाची भाकरी कधी म्हणून फुगली नाही. तिला वरचा पापुद्रा सुटायलाच तयार नसायचा. मावशी एकदा कालवांचं कालवण घेऊन आली, तुमची भाकरी उचलून बघितली आणि म्हणाली, "मास्तर, ही भाकर हाय का जात्याची तली?" मग स्वतः चुलीशी बसली. तिने थापलेली भाकरी निखाऱ्यावर टम्म फुगली. तिने नखाने तिचा पापुद्रा उचलला, आतून वाफ निघाली, आणि ती माझ्याकडे वळून म्हणाली, "बग बाय, ह्येला भाकर म्हनत्यात." तुम्ही तिचीच भाकरी खाल्लीत. त्या पापुद्र्याकडे आपण दोघांनीही त्या दिवशी भाकरीचा पापुद्रा म्हणूनच बघितलं. दुसरं काय बघणार होतो म्हणा.

मी मॅट्रिक झाले आणि मुंबईला कॉलेजात जायचं ठरलं. मुलीला एकटीला पाठवतोय म्हणून गावात कुजबुज झाली, तुम्ही ती ऐकू येत नसल्यासारखी ऐकलीत. म्हसळ्यापर्यंत बैलगाडीने मला सोडायला आलात, कारण एसटी तिथे मिळायची. वाटेत तुम्ही फक्त बैलांशी बोललात. गाडी सुटायची वेळ झाली तेव्हा पंच्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात दिलंत. उघडलं तर तुमचा वस्तरा. कंडक्टर बघत होता. म्हणाला, "मास्तर, पोरीला शिकायला धाडताय का हजामती करायला?" सगळी गाडी हसली. तुम्ही हसला नाहीत. "धार दर आठवड्याला लाव," एवढंच म्हणालात. लोकांच्या बापांनी मुलींना बांगड्या दिल्या, मला वस्तरा मिळाला. तेव्हा रागही आला होता. तो वस्तरा आता माझ्या कपाटात साड्यांखाली आहे, आणि धार मी अजून लावते. कशासाठी ते विचारू नका.

मुंबईत माझं बरं चाललं होतं. शिकले, मग कॉलेजातच प्रयोगशाळेत लागले, शेवाळावरच काम घेतलं. प्राध्यापकांनी सगळ्यांची उरलीसुरली कामंही माझ्यावरच ढकलली, कारण बाई बोलत नाही, लग्न नाही, घरी जायची घाई नाही. लग्नाचं म्हणाल तर ते ठरवून टाळलं असं नाही, राहून गेलं. तुम्हीही कधी विचारलं नाहीत. दर सुट्टीत मी यायची, आणि तुमचा पहिला प्रश्न असायचा, "नवीन भिंग आलं का?"

शेवटच्या दिवाळीला आले तेव्हा तुमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तुम्ही ते मला पत्रात कळवलं नव्हतं. अंगणात बसून तुम्ही पोपटी कागद बोटांत चोळून बघत होतात, नाकाशी नेत होतात. मी शेजारी बसले.

"मुंबईत ते मोठं यंत्र आलंय म्हणतात. इलेक्ट्रॉनचं. आपल्या भिंगाच्या शेकडो पट बारीक दाखवतं."

"आलंय, अप्पा."

"मग?"

"रांग आहे. आमच्यासारख्यांची पाळी यायला वेळ लागेल."

"मग रांगेत उभी राहा. माझं बघून झालं. आता तू बघ." थोड्या वेळाने म्हणालात, "आणि मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस. नसला तर नसला म्हण."

"असेल हो, अप्पा."

तुम्ही वळून माझ्याकडे बघितलंत, म्हणजे माझा आवाज होता तिकडे बघितलंत. "हे बघ. हे डोळे बारीक करणं झालं."

पुढच्या श्रावणात तुम्ही गेलात. साधा ताप. आगबोटी पावसाळ्यामुळे बंद, घाटातला रस्ता खचलेला, मला निरोप मिळून मी पोचेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. तुमची घोंगडी कोणीतरी धुऊन दोरीवर टाकली होती, बादल्या पालथ्या घातल्या होत्या. मी मावशीला विचारलं, अप्पा माझी वाट बघत होते का? मला वाटलं ती हो म्हणेल आणि मग मला मनसोक्त रडता येईल. ती म्हणाली, "न्हाय गो बाय. वाट न्हाय बगितली. कोन इचारला का सांगत व्हता, 'ती रांगेत हाय, तिला नका हलवू.'" मी रडले नाही. घरात जाऊन चुलीपाशी बसले आणि भाकरी केली. माझीही फुगली नाही.

रांग सरायला त्यानंतरही काही वर्षं गेली. तुम्हाला सगळं सविस्तर सांगते, तुम्हाला घाई नसायची अशा गोष्टींत. मी आधी हरिहरेश्वरला गेले, तुमच्याच डबक्यावर, ओहोटीला. कागदाचे तिळाएवढे तुकडे तिथल्या तिथे औषधात टाकले. औषध कोणतं सांगू? पटकीच्या साथीत तुम्ही पोरांना घेऊन विहिरींत टाकायचात ना, ती जांभळी पूड. तीच. तिच्या पाण्यात बुडवलं की पेशीतला प्रत्येक पडदा काळा होऊन उठून दिसतो. मुंबईत आणून ते तुकडे काचेसारख्या कडक लाखेत बसवले. आणि कापायला वस्तरा नाही चालत, अप्पा. मी तुमचा घेऊन गेले होते, तिथल्या माणसाने तो हातात घेऊन बघितला आणि आदराने परत दिला. तिथे जाड काच मोडतात, आणि नुकत्याच मोडलेल्या काचेची जी कड असते तिच्याने काप घेतात. काप पाण्यावर तरंगतात. त्यांच्यावर रंग चढतो, सोनेरी आला तर जाड, चंदेरी आला तर चांगला. माझे चंदेरी आले. तुम्ही शिरा केला असतात.

खोलीत पूर्ण अंधार, मध्ये एक उंच लोखंडी खांब, आणि त्याच्या बुडाशी एक वाटीएवढा पडदा हिरवट उजळतो. तो हिरवा शेवाळाचा नाही, पडद्याचा आहे, हे मला माहीत होतं, तरी मी त्याच्यावर वाकले. यंत्र चालवणारे गृहस्थ कंटाळलेले होते. म्हणाले, "बाई, काय बघायचंय ते सांगा, म्हणजे तिथेच नेतो." मी म्हटलं, हिरव्या पिंडाचं पोट. त्यांनी चाकं फिरवली. पेशीची भिंत आली, तुम्ही काढायचात तशीच. मग पिंड आला. मी डोळे सताड उघडे ठेवले होते.

दाणा नव्हता, अप्पा.

पापुद्रे होते. पिंडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लांबच लांब, एकाला एक समांतर, दोन दोन, तीन तीन, कुठे चार-पाच जवळ येऊन एक पट्टा झालेला, मग त्यातला एक सुटून शेजारच्या पट्ट्यात शिरलेला. पट्ट्यांमध्ये करडी मोकळी जागा. तुमच्या त्या पिष्टाच्या कोठीतूनसुद्धा एक पापुद्रा सरळ आरपार गेला होता, दार ढकलून गेल्यासारखा. ऊन खाण्याचं सगळं काम त्या पापुद्र्यांवरच चालतं. झाडांच्या पानांत हेच पापुद्रे जागोजागी गोल चवडी रचून बसतात, आणि वरून तुमच्या भिंगातून ती चवड ठिपक्यासारखी दिसते. तोच तुमचा तळ्यातला दाणा. म्हणजे दाणा असा मुळात कुठेच नव्हता. रचलेले पापुद्रे होते, आणि शेवाळाने ते रचायच्या ऐवजी नुसते पसरून ठेवले होते. आपण ज्या घरात भाकरीला पापुद्रा सुटावा म्हणून चुलीपुढे झुरलो, त्याच घरात बसून तुम्ही जन्मभर दाणा शोधलात. याला हसावं की काय करावं ते मला तेव्हाही कळलं नाही, आताही कळत नाही.

मी त्या गृहस्थांना दुसरी पेशी दाखवायला लावली, मग तिसरी, मग दुसरा काप. शेवटी ते म्हणाले, "बाई, सगळीकडे तेच आहे. काय हवंय तुम्हाला?" मी म्हटलं, काही नाही. "मग फोटो काढायचा का?" मी म्हटलं, काढा.

बाहेर आले तर लख्ख दुपार. मला तार करावीशी वाटली. तार ऑफिस समोरच होतं. मी आत जाऊन रांगेतही उभी राहिले, आणि खिडकीपाशी पोचल्यावर आठवलं की पत्ता काय घालणार. मागचा माणूस म्हणाला, "चला हो बाई, आटपा." मी बाजूला झाले. आयुष्यात एकटेपण म्हणजे काय हे मला त्या खिडकीपाशी कळलं. प्राध्यापकांनी कौतुक केलं, चहा दिला, माझं नाव छापून आलं. परदेशातल्या लोकांनी आधीच इतर शेवाळांत हेच बघितलं होतं, त्यामुळे कोणाला फारसं आश्चर्य वाटलं नाही. आश्चर्य वाटणारा एकच माणूस होता.

आणि एक गोष्ट मी पुष्कळ उशिरा समजले, ती तुम्हाला सांगायलाच हवी. तुमच्या भिंगातून ते पापुद्रे दिसणं शक्यच नव्हतं. शाळेच्याच काय, कुठल्याच साध्या भिंगातून नव्हतं. शेवाळाच्या पिंडात त्या कोठीखेरीज भिंगाला दिसण्याजोगं काहीच नव्हतं, म्हणून ते पोट कोरंच दिसायला हवं होतं, आणि तुम्ही ते कोरंच ठेवलंत. तुमचं म्हणणं चुकलं, अप्पा, पण तुमचं एकही चित्र चुकलं नाही. हे मला तुमच्या समोर बसून म्हणायचं होतं. तुम्ही म्हणाला असतात, "पापुद्रा. बरा शब्द आहे. आधी सुचायला हवा होता." आणि मग उठून भाकरी बिघडवायला गेला असतात.

हे पत्र कुठे पाठवणार? पोस्टाची गोष्टच सोडा, तुम्हाला पाठवता आलं असतं तरी पाठवलं नसतं, कारण अजून एक सांगायचं आहे. त्या फोटोत उजवीकडे खाली, पिंडाच्या कडेला एका ठिकाणी पट्टे वळताना एकमेकांवर दाटलेत. काही नाही, नुसती दाटी आहे, शास्त्राच्या लेखी तिला अर्थ नाही. छापून आलेल्या फोटोत ती कड कापलेली आहे, पण भिंतीवर मी पूर्ण फोटो लावलाय. वायरमन गेल्यावर मी आजही त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. संध्याकाळी उजेड कमी झाला की बऱ्याचदा राहते. आणि अप्पा, मी डोळे बारीक करते.